हिरवळ आणि कुरणावरची लष्करी अळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्करी अळीबद्दल विचारणारा माणूस जवळजवळ नेहमी एकाच वाक्याने सुरुवात करतो : "काल संध्याकाळपर्यंत सगळं हिरवंगार होतं, आज सकाळी बघतो तर करपून गेलंय." त्याने पाहिले ते खरेच असते. पण अळी त्या रात्रीत आलेली नसते. ती दहा-बारा दिवस तिथेच होती आणि खात होती, फक्त नजरेत भरेल एवढी झाली नव्हती. खालची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात. घराभोवतीची हिरवळ असो, खेळाचे मैदान असो की जनावरांचे कुरण, अळी लहान असताना सापडली तर उपाय सोपा असतो. ती करंगळीच्या दोन पेरांएवढी झाल्यावर सापडली तर करण्यासारखे फार थोडे उरते.

लष्करी अळी म्हणजे नेमकी कोणती अळी?

हे एका अळीचे नाव नाही. नॉक्ट्युइडी कुळातल्या, रात्री उडणाऱ्या पतंगांच्या अनेक अळ्यांना मिळून हे नाव पडले आहे. अन्न संपले की या अळ्या घोळक्याने पुढच्या हिरव्या तुकड्याकडे सरकतात. शेकडो अळ्या एकाच दिशेने जमीन कापत निघालेल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आज सर्वांत जास्त बोलबाला आहे तो स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या जातीचा. मराठीत तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. तिचे मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण भाग. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत सापडली, २०१८ मध्ये भारतात, २०१९ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात. चर्चा होते ती मक्याच्या नुकसानीची, पण तिला चालणाऱ्या वनस्पतींची यादी साडेतीनशेच्या पुढे जाते आणि तिची पहिली पसंती गवतवर्गालाच असते. या जातीचे दोन वाण मानले जातात. एक मका-ज्वारीकडे झुकणारा आणि दुसरा भात, हरळी आणि कुरणातल्या गवतांकडे. हिरवळीवर दिसतो तो बहुतेक वेळा हा दुसरा.

याशिवाय माइथिम्ना युनिपंक्टा आणि माइथिम्ना सेपराटा या दोन लष्करी अळ्या गवतावर आणि तृणधान्यांवर येतात. स्पोडोप्टेरा मॉरिशिया भाताच्या रोपवाटिकेत आणि हिरवळीवर येते. स्पोडोप्टेरा एक्झेम्प्टा ही आफ्रिकेतल्या कुरणांची जुनी वैरी. जात कोणतीही असली तरी हिरवळ आणि कुरणासाठी पाहणी आणि उपायांची पद्धत बरीचशी सारखीच राहते.

अळी हातात घेतली तर ओळखायची कशी?

अमेरिकन लष्करी अळीच्या दोन खुणा पक्क्या. पहिली म्हणजे कपाळावर फिकट रेषांनी काढलेले उलटे इंग्रजी वाय अक्षर. दुसरी शेपटीकडे, शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठळक काळे ठिपके. रंगावर विसंबू नका. एकाच हिरवळीत हिरवट, तपकिरी आणि जवळजवळ काळी अशा तिन्ही रंगांच्या अळ्या मिळतात. लहान अळीत या खुणा नीट दिसत नाहीत. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा.

माइथिम्ना जातीच्या अळीच्या डोक्यावर वाय नसतो, जाळीसारखी नक्षी असते. अंगावर लांब पट्टे असतात.

अंगाला हात लावला तर ही अळी चावत नाही, खाज आणत नाही. खाज आणतात त्या केसाळ अळ्या वेगळ्या. मुले किंवा कुत्री-मांजरे हिरवळीवर खेळली तरी अळीपासून त्यांना धोका नाही. धोका असलाच तर नंतर घाईघाईने मारलेल्या औषधापासून.

खरेच एका रात्रीत एवढे गवत संपते का?

संपल्यासारखे दिसते. मागे काय घडलेले असते ते पाहा.

मादी पतंग एका पुंजक्यात साधारण १०० ते २०० अंडी घालते आणि आयुष्यभरात असे अनेक पुंजके मिळून हजार-दीड हजारांपर्यंत जाते. उबदार हवेत दोन ते चार दिवसांत अंडी उबतात. बाहेर पडलेली अळी दोन मिलिमीटरचीही नसते. तिला पान आरपार खाता येत नाही. ती पानाच्या एका बाजूचा हिरवा भाग खरवडते आणि दुसऱ्या बाजूचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. असे पान उजेडासमोर धरले तर त्यात छोट्या पारदर्शक खिडक्या दिसतात. उभे राहून पाहणाऱ्याला फक्त गवताचे शेंडे किंचित पांढुरके झालेले जाणवतात आणि तो समजतो, पाणी कमी पडले असेल.

अळी पाच वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या सहा अवस्था होतात. उन्हाळी हवेत हा सगळा काळ सुमारे दोन आठवड्यांचा. यातली मेख अशी की आयुष्यभराच्या खाण्यापैकी साधारण चार पंचमांश खाणे ती शेवटच्या टप्प्यात, म्हणजे अखेरच्या तीन-चार दिवसांत खाते. सगळी अंडी एकदमच घातली गेलेली असतात, म्हणून सगळ्या अळ्या एकदमच त्या टप्प्यात येतात. पहिले दहा दिवस हजारो तोंडे चिमूटभर खात असतात आणि मग एका रात्री तीच हजारो तोंडे मूठभर खायला लागतात. सकाळी आपल्याला दिसते ती ही रात्र.

म्हणून "कुठून आल्या एवढ्या?" या प्रश्नाचे खरे उत्तर "इथेच होत्या" हे आहे. अपवाद एकच. शेजारचे शेत किंवा कुरण खाऊन संपल्यावर मोठ्या अळ्यांचा घोळका चालत आला, तर मात्र त्या खरोखरच काल इथे नव्हत्या.

अंडी कुठे शोधायची? गवतात तर काही दिसत नाही.

गवतात कमी आणि भिंतीवर जास्त शोधा. हिरवळीजवळच्या फिकट रंगाच्या उभ्या वस्तू मादीला आवडतात : पांढरी भिंत, कुंपणाचा खांब, दिव्याचा खांब, खिडकीची चौकट, झोपाळ्याचा दांडा, छपराच्या कडेचा खालचा भाग. रात्री जळणाऱ्या दिव्याच्या आसपास तर हमखास पाहावे.

अंडीपुंज पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो बुरशीचा डाग वाटला होता. नखाएवढा करडा, मऊ लोकरीसारखा थर. मादी आपल्या अंगावरचे खवले अंड्यांवर पसरते, त्याची ती लव. नखाने हलकेच सरकवली तर खाली खसखशीसारखे फिकट दाणे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. उबायच्या आधी ते काळपट होतात. काळपट दिसले तर समजा, उद्या-परवा अळ्या बाहेर पडणार. मग त्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर खाली गवतात उतरतात.

पुंजका सापडला की कागदाच्या कडेने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. त्याने सगळा प्रादुर्भाव थांबेल असे नाही, कारण आपल्याला दिसलेला पुंजका एक असतो आणि न दिसलेले कितीतरी. पण आता कोणत्या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून पाहायचे, ते त्या एका पुंजक्यावरून नक्की कळते.

दिवसा अळ्या दिसतच नाहीत. आहेत की नाहीत हे कसे कळणार?

ऊन चढले की त्या बुडख्याशी, वाळलेल्या गवताच्या थरात किंवा मातीच्या भेगांत शिरतात. खाणे चालते ते पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. ढगाळ दिवशी दुपारीही दिसतात. म्हणून पाहणी उजाडताना करा, किंवा रात्री बॅटरी घेऊन.

हिरवळीसाठी सगळ्यात भरवशाची चाचणी साबणाच्या पाण्याची. चार-पाच लिटर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर मिसळा आणि झारीने साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर सावकाश ओता. मग तिथेच गुडघे टेकून बसा. पहिला मिनिटभर काही होत नाही. मग एखादे पाते आपोआप हलते, शेजारचे हलते, आणि बुडख्यातून अळ्या अंग झटकत वर चढायला लागतात. पाच-दहा मिनिटे थांबून मोजा. नुसती संख्या लिहू नका, लांबीही लिहा. लांबी माहीत नसेल तर पुढचा कोणताच निर्णय नीट घेता येत नाही.

चाचणी खराब झालेल्या डागाच्या मधोमध करू नका. तिथले गवत खाऊन अळ्या निघून गेलेल्या असतात. हिरवे आणि तपकिरी जिथे भेटते, त्या कडेवर करा.

कुरणात झारी घेऊन फिरणे शक्य नाही. तिथे एक फूट लांब, एक फूट रुंद अशी तारेची चौकट जमिनीवर ठेवा, गवत हाताने बाजूला सारा, जमिनीवरचा पालापाचोळा उचकटा आणि मोजा. किमान आठ-दहा ठिकाणी, कडेला आणि मध्ये दोन्हीकडे. अळ्यांची विष्ठा हिरवट-काळ्या बारीक दाण्यांसारखी जमिनीवर पडलेली दिसते. ती ताजी आणि ओलसर असेल तर अळ्या जवळच आहेत.

आणि पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. एरवी रिकाम्या असणाऱ्या तुकड्यावर सकाळी पक्ष्यांचा थवा उतरून चोची मारत असेल, तर चाचणी त्याच दिवशी करा.

हे पाण्याअभावी वाळले, हुमणीने खाल्ले, की लष्करी अळीने?

पाण्याअभावी वाळलेल्या गवताची पाती शाबूत असतात, फक्त रंग गेलेला आणि कडा आत वळलेल्या. लष्करी अळीच्या जागी पाने कुरतडलेली किंवा गायबच असतात, उरतात त्या काड्या. हुमणी मुळे खाते, त्यामुळे मूठभर गवत ओढले तर मुळांविना हातात येते आणि हिरवळ चटईसारखी उचलता येते. लष्करी अळी मुळांना हात लावत नाही, ओढले तरी गवत घट्ट राहते. आणखी एक खूण म्हणजे नुकसानीची सरकती कड. आज जिथे हिरवे-तपकिरी भेटते तिथे एक काडी खोचून ठेवा. दोन दिवसांत कड काडीच्या पुढे गेली असेल तर खाणारे कोणीतरी आहे.

किती अळ्या दिसल्या तर फवारावे?

कुरणासाठी सर्वसाधारणपणे पाळला जाणारा आकडा असा : चौरस फुटाला तीन किंवा अधिक अळ्या आणि त्या दोन सेंटिमीटरपेक्षा लहान. दोन्ही अटी जमल्या तर फवारणी परवडते. गवत आधीच उन्हाने किंवा अतिचराईने दमलेले असेल तर दोन अळ्यांवरही निर्णय घ्यावा लागतो.

हिरवळीला असा एक आकडा लागू पडत नाही. जुनी, घट्ट, मुळे धरलेली हिरवळ चौरस फुटाला दोन-तीन अळ्या सहन करून पुन्हा उभी राहते. नुकतीच पेरलेली किंवा नुकत्याच गवताच्या तयार लाद्या बसवलेली हिरवळ मात्र एका हल्ल्यात कायमची जाऊ शकते, कारण कोवळ्या रोपाजवळ पुन्हा फुटायला साठाच नसतो. नवीन हिरवळीवर अळी दिसली की आकड्याची वाट पाहू नका.

अळ्या मोठ्या झाल्या आहेत. आता फवारू का?

हा सगळ्यांत दुखरा प्रश्न, कारण विचारणाऱ्याला "हो" ऐकायचे असते. समोर नुकसान दिसत असताना हातावर हात ठेवून बसणे जड जाते, हे मी जाणतो. पण बहुतेक अळ्या तीन सेंटिमीटरच्या पुढे गेल्या असतील तर त्या दोन-तीन दिवसांत खाणे थांबवून जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोल जाणार आणि कोष करणार. मोठ्या अळीला मारायला औषध जास्त लागते आणि तरीही ती पुरती मरत नाही. खायचे ते ती खाऊन बसलेली असते. कोषाला फवारणी लागत नाही. अशा वेळी मारलेल्या औषधाने मरतात ते मित्रकीटक, म्हणजे अळीला खाणारे-मारणारे कीटक, आणि पुढची पिढी आली की तिला अडवायला कोणी उरत नाही.

मोजताना निम्म्याहून जास्त अळ्या लहान निघाल्या, किंवा शेजारी अजून भरपूर हिरवा तुकडा वाचवायचा असेल, तर फवारा. अळ्या एका बाजूने चालत येत असतील तर सगळे रान फवारण्याऐवजी त्यांच्या वाटेवर हिरव्या भागाच्या कडेने रुंद पट्टा फवारला तरी चालतो. औषधे नव्हती त्या काळी अशा ठिकाणी नांगराने खोल, उभ्या भिंतीचा चर पाडत. अळ्या त्यात पडत आणि त्यांना वर चढता येत नसे.

कोणते औषध वापरावे?

अळीच्या लांबीवर ठरवा.

अगदी लहान अळ्या, एक सेंटिमीटरच्या आत : बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध चालते. अळीच्या पोटात गेले तरच ते काम करते आणि उन्हात लवकर निकामी होते, म्हणून संध्याकाळी, पाने नीट भिजतील असे मारावे. याच्या कुर्स्टाकी आणि ऐझावाई अशा दोन उपजाती बाजारात असतात. अमेरिकन लष्करी अळीवर ऐझावाई जास्त भरवशाची. कडुनिंबातले ॲझाडिरेक्टीन अळीचे खाणे कमी करते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, पण तेही लहानपणीच. डायफ्लुबेन्झुरॉन, मेथोक्सिफेनोझाइड ही वाढ रोखणारी औषधेही याच गटात धरा. त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तेवढा धीर हवा.

मध्यम अळ्या : स्पिनोसॅड चांगले. क्लोरअँट्रानिलीप्रोल पानात मुरते, अळीचे खाणे लवकर थांबवते आणि त्याचा असर काही आठवडे टिकतो. एकामागून एक पिढ्या येत असतील तिथे हा टिकाऊपणा उपयोगी पडतो.

बायफेन्थ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड औषधे झटपट पाडतात. मात्र त्यांचा असर थोडे दिवस टिकतो, मित्रकीटकही त्यात जातात, आणि काही भागांतल्या अळ्यांमध्ये या गटाविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली आहे. एकदा मारून उपयोग झाला नाही तर त्याच गटातले दुसऱ्या नावाचे औषध पुन्हा मारण्यात अर्थ नसतो. गट बदला.

कोणतेही औषध घेताना डब्यावरचे लेबल वाचा : हिरवळ की कुरण, कोणत्या गवतासाठी परवानगी, मात्रा किती. हिरवळीसाठी म्हणून विकले जाणारे औषध कुरणात मारू नका, मग आतले रसायन तेच का असेना. जनावराच्या पोटातून ते दुधात-मांसात जाऊ शकते, याचा विचार हिरवळीच्या लेबलात केलेला नसतो.

फवारणी करताना कुठे चुकते?

वेळेत चुकते. भर दुपारी फवारले तर अळ्या खाली दडलेल्या असतात आणि औषध उन्हात तापते. उन्हे कलल्यावर फवारा. त्या रात्री त्या खायला वर येतील तेव्हा पान तयार असेल.

पाण्यात चुकते. गवत दाट आहे, औषध बुडख्यापर्यंत उतरायला हवे, म्हणून पाणी हात न आखडता घ्या. पण फवारणीनंतर लगेच सिंचन करू नका. हुमणीचे औषध मुळापर्यंत नेण्यासाठी वरून पाणी देतात, ती सवय इथे उलटी पडते. या अळीचे औषध पानावरच राहायला हवे, निदान २४ तास.

आणि कापणीत चुकते. हिरवळ आधी कापून घ्या, कापलेले गवत उचला, मग फवारा. फवारल्यावर दोन-तीन दिवस यंत्र फिरवू नका, नाहीतर औषध लागलेली पाने तुम्हीच काढून टाकाल. हिरवळीत क्लोव्हर किंवा दुसरी फुले असतील तर या कापणीत तीही जातात आणि मधमाश्या वाचतात.

कुरणात जनावरे चरत आहेत. त्यांना कधी सोडायचे?

लेबलवर चराईसाठी आणि वाळल्या चाऱ्यासाठी वेगवेगळे थांबण्याचे दिवस दिलेले असतात. काही औषधांना एकही दिवस थांबावे लागत नाही, काहींना आठवडे लागतात. दुभत्या जनावरांसाठी अट वेगळी असू शकते. कुरणाचे तुकडे पाडलेले असतील तर एक तुकडा फवारून दुसऱ्यात जनावरे ठेवता येतात. खरे तर त्याआधी आणखी सोपे काम करून पाहा. ज्या तुकड्यात लहान अळ्या दिसत आहेत तिथेच जनावरे आधी सोडा. गवत अळीने खाण्याआधी जनावराने खाल्लेले बरे.

जनावराने गवताबरोबर अळ्या खाल्ल्या तर?

काही होत नाही. लष्करी अळी विषारी नाही.

जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला. चाऱ्याची ज्वारी, सुदान गवत किंवा त्या कुळातले दुसरे गवत अळीने खाऊन टाकले आणि पाऊस पडून त्याला कोवळे फुटवे आले, तर त्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे घटक भरपूर असतात. ते खाऊन जनावर काही मिनिटांत कोसळू शकते. ज्वारीची किराळ लागते म्हणतात ती हीच. असे फुटवे गुडघ्याच्या वर जाईपर्यंत जनावरांना तिकडे फिरकू देऊ नका. दगावलेल्या जनावराचा दोष लोक अळीला देतात आणि दावणीची बाकी जनावरे दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रानात सोडतात. म्हणून हे मुद्दाम सांगतो.

चारा कापायला आठवडा उरला आहे आणि अळी दिसली. फवारू की कापू?

कापा. हवामान साथ देत असेल तर आठवडाभर आधी कापल्याने वजन थोडे कमी भरेल, पण चारा हातात येईल आणि औषधाच्या दिवसांचा हिशेब ठेवावा लागणार नाही. कापल्यावर काम संपले असे मात्र समजू नका. वाळत टाकलेल्या गवताच्या ओळींखाली सावलीत अळ्या टिकतात आणि नवे कोंब येतील तसे खुडतात. चार-पाच दिवसांनी ओळींखालची जमीन उचकटून पाहा. कोंब येत नसतील आणि अळ्या लहान असतील तर तेव्हा फवारणीचा विचार करा.

निसर्गात हिचे शत्रू नाहीत का?

पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वर्षी तेच तुमचे काम करतात. टेलेनोमस आणि ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधील माश्या अंड्यांच्या आत आपली अंडी घालतात. कोटेशिया ही तशीच गांधील माशी अळीच्या अंगात वाढते. टॅचिनिड माशीची पांढरी अंडी अळीच्या पाठीवर चिकटलेली नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जमिनीवरचे भुंगेरे, मुंग्या, कोळी, ढेकणाच्या कुळातले शिकारी कीटक आणि पक्षी यांचा वाटा वेगळाच.

रोगांनीही अळ्या मरतात. एखादी अळी पात्याला उलटी लोंबकळते आहे, अंग काळपट आणि पाणी पाणी झाले आहे, स्पर्श केला की फुटते, असे दिसले तर तो विषाणू. एखादी ताठ, खडूसारखी पांढरी झाली आहे आणि पुढे तिच्यावर फिकट हिरवी भुकटी चढली आहे, तर ती मेटारायझियम रिलेयी ही बुरशी. दमट हवेत ती झपाट्याने पसरते. अशा अळ्या बऱ्याच दिसल्या तर पंप खांद्याला लावू नका. दोन दिवस थांबून पुन्हा मोजा.

घरगुती उपाय चालतात का?

साबणाचे पाणी अळ्या वर आणते, मारत नाही. छोट्या हिरवळीत वर आलेल्या अळ्या वेचून बादलीत टाकल्या तर तो उपाय होतो. साबणाचे प्रमाण वाढवले तर गवतच जळते. मीठ, रॉकेल, फिनेल यांतले काहीही जमिनीवर ओतू नका. अळी दोन आठवड्यांची पाहुणी असते, खारावलेली माती दुरुस्त व्हायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो.

कीटकांवर जगणारे सूत्रकृमी हा घरगुती नसला तरी रसायनाविना करता येणारा उपाय आहे. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी ही जात या अळीवर चालते. ते जिवंत असतात, म्हणून जमीन ओली करून संध्याकाळीच सोडावे लागतात.

गवत पुन्हा येईल का?

बहुतेक वेळा येते. खाली वाकून बुडखा चाचपून पाहा. तो टणक आणि आतून पांढरट-हिरवा असेल तर जीव आहे. तपकिरी, कोरडा, चुरा होणारा असेल तर नाही. हरळीसारखी जमिनीवरून आणि जमिनीखालून कांड्या पसरवणारी गवते दोन-तीन आठवड्यांत स्वतःला झाकून घेतात. फेस्क्यू किंवा रायसारखी झुबक्याने वाढणारी गवते सावकाश येतात आणि मध्ये रिकाम्या जागा राहू शकतात. तिथे पुन्हा पेरावे लागते.

या काळात पाणी खोलवर द्या आणि यंत्राचे पाते वर ठेवा. नत्राची घाई करू नका. मी स्वतः एकदा उजाड झालेली हिरवळ पाहून धीर सोडला आणि भरपूर युरिया टाकला. गवत आले, सुरेख लुसलुशीत आले, आणि महिन्याच्या आत पुढच्या पिढीच्या पतंगांनी नेमकी तीच हिरवळ निवडली. मऊ, नत्राने भरलेले गवत मादीला आवडते. खत द्यायचेच तर थोडे थोडे, गवताने पाने धरल्यावर द्या.

एखाद्या वर्षी खूप येते, एखाद्या वर्षी दिसतही नाही, असे का?

अमेरिकन लष्करी अळी कडाक्याच्या थंडीत तग धरत नाही. ती सुप्तावस्थेत जात नाही, १० अंश सेल्सिअसच्या खाली तिची वाढ थांबते आणि गोठणाऱ्या जमिनीत ती मरते. थंड प्रदेशात दर वर्षी ती नव्याने, उष्ण भागातून वाऱ्यावर येते. पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. उष्ण प्रदेशात ती बाराही महिने असते. तिथे संख्या वाढते ती पाऊस आणि कोवळ्या गवताच्या मागोमाग. लांबलेल्या कोरड्या काळानंतर चांगला पाऊस झाला की सावध राहा. कोरड्या काळात मित्रकीटक घटलेले असतात, आणि पावसाने गवत एकदम फुटते.

सापळे आणि दिवे यांचा उपयोग होतो का?

कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाने नर ओढले जातात आणि फक्त तेच अडकतात, त्यामुळे अळी कमी होत नाही. पण पतंग कधी उडायला लागले हे कळते, आणि तेवढ्यासाठी तो लावण्यासारखा आहे. सापळ्यात पतंग वाढले की आठवड्याने साबणाच्या पाण्याची चाचणी सुरू करा. हिरवळीजवळचे दिवे त्या काळात रात्री बंद ठेवता आले तर ठेवा.

एकदा आटोक्यात आली. आता पुन्हा कधी पाहायचे?

उन्हाळी हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा सुमारे ३० दिवसांचा असतो, गारठ्यात तो ६० दिवसांवर किंवा त्याहून पुढे जातो. ज्या दिवशी मोठ्या अळ्या दिसल्या तो दिवस लिहून ठेवा. हवा गरम असेल तर तिथून दहा-बारा दिवसांत कोषातून पतंग निघतील. आणखी तीन-चार दिवसांनी भिंती, खांब, दिव्यांच्या आसपास अंडीपुंज शोधा. त्यानंतर आठवडाभर एक दिवसाआड पहाटे हिरवळीवर चक्कर मारा आणि कडेचे एखादे पाते तोडून उजेडासमोर धरा. त्यात त्या छोट्या पारदर्शक खिडक्या दिसल्या तर झारी भरा.